केकचा मान

११ फेब्रुवारी १९९७

एवोदियो,

तुला पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि आजवर पाळलं. आज लिहावं लागतं आहे, कारण काल दुपारी जेवताना यादिराने तुझं नाव घेतलं. ते नाव या घरात कुणी घ्यायचं नाही हा नियम माझाच. ज्या मुलीसाठी तो केला तिनेच मोडला, तेव्हा मला तो धरून बसता येत नाही.

एप्रिलमध्ये तुझी पुतणी पंधरा वर्षांची होईल, म्हणजे मुलगी मोठी झाल्याचा समारंभ. तुझी वहिनी नोएमी जेवताना कुणाला कुठला मान द्यायचा, म्हणजे कुठली वस्तू कुणी आणायची, ते ठरवत होती. झग्याचा मान तिच्या भावाला, मुकुटाचा औषधवाल्याच्या बायकोला, उंच टाचांच्या बुटांचा तुझा चुलतभाऊ रुफिनो याला, शेवटच्या बाहुलीचा मला. केक उरला. केकचा विषय निघाला की आपल्या घरात सगळे आपापल्या ताटात बघतात. तसेच बसलो होतो.

"केकचा मान एवोदियोकाकाला," यादिरा म्हणाली.

तुझ्या भावाने, फिदेन्सियोने, चमचा खाली ठेवला. "कुणाला?"

"ऐकलंत ना बाबा. डोळा माझा गेलाय, तुमचे कान शाबूत आहेत."

"तो माणूस माझ्या दारात पाय ठेवेल तर..."

"दारात कशाला? समारंभ हॉलमध्ये आहे."

नोएमी छातीवर क्रूस काढायला लागली. तिला मी म्हटलं, तो नंतर काढ, आधी वाढ. मग नातीला विचारलं, का? वर्गात विचारायचे तसंच विचारलं. ती म्हणाली, "दुसऱ्या कुणी केक आणला तर लोक कुजबुजतील. काकाने आणला तर गप्प बसतील." उत्तर म्हणून हे मला पुरेसं वाटलं.

तुझी मामी अजून सगळ्यांना सांगते की त्या दिवशी मुलगी पाय घसरून पडली. तू तिकडे काय सांगतोस मला ठाऊक नाही. म्हणून एकदा कागदावर येऊ दे. नववा वाढदिवस होता. दोन थरांचा केक, वरचा थर सरकू नये म्हणून आत लाकडी काठ्या. "चावा! चावा!" म्हणून सगळे ओरडले, पोर तोंडाने चावा घ्यायला वाकली, आणि तू मागून तिचं डोकं दाबलंस. गंमत म्हणून. घरोघर दाबतात. तिचा डावा डोळा गेला. त्याच आठवड्यात तूही गेलास. ओरडलो सगळे. हात तुझा होता.

तुझा पत्ता हेरार्दोने दिला. सुक्या मिरचीचा ट्रक घेऊन तो तिकडे समुद्रकाठी एन्सेनादाला जातो आणि तू कुठे आहेस ते त्याला पहिल्यापासून माहीत आहे. मी कधी विचारलं नाही, त्यानेही कधी सांगितलं नाही. शहाणा माणूस आहे.

एकदा देऊ केलेला मान नाकारता येत नाही, हे तू आपल्या घरात शिकला आहेस. मान घेतलास की तू आणि फिदेन्सियो नुसते भाऊ राहत नाही, मुलीचा बाप आणि मुलीचा मानकरी म्हणून एकमेकांचे कोंपाद्रे होता. अरे-तुरे बंद. त्यालाही हे माहीत आहे आणि म्हणूनच तो कालपासून दुकानात चामडं चुकीचं कापतो आहे.

उत्तर हेरार्दोजवळ दे. फोन करू नको. फोन दुकानात आहे.

ओतिलिया


५ मार्च १९९७

एवोदियो,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. मुद्दा शेवटून दुसऱ्या पानावर आहे. एवढी वर्षं शिकवूनही तुला ही सवय लागली नाही की आधी काय हवं ते सांगावं आणि मग रडावं.

तुला काय हवं ते मी असं समजले. तू मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यातल्या अम्पारो नावाच्या मुलीशी लग्न केलंस. मुलगा झाला. त्याला तुझ्या वडिलांचं नाव ठेवलंस, त्रांकिलिनो. त्याचा बाप्तिस्मा आपल्या देवळात व्हावा, माझ्या मांडीवर व्हावा, आणि तुला या घरात परत येता यावं. बरोबर?

नाव ठेवण्याआधी विचारायला हवं होतंस. आता ठेवलंस तर असू दे.

केक पाठवतो, मी येत नाही, असंही लिहिलं आहेस. केकचा मान म्हणजे पार्सल नव्हे. मानकरी स्वतः येतो, हॉलमध्ये सगळ्यांसमोर केक मेजावर ठेवतो आणि तो कापला जाईपर्यंत मुलीच्या शेजारी उभा राहतो. तुला जमणार नसेल तर एका ओळीत तसं लिही. मी तिला ती ओळ वाचून दाखवीन आणि हे प्रकरण मिटेल. बाप्तिस्माही मिटेल.

तिने मला माफ केलं का, असं तू विचारतोस. मी तिला हा प्रश्न विचारलेला नाही. ती तुझ्याबद्दल कधी वाईट बोलत नाही, एवढं खरं आहे. बोललेलं मी ऐकलं असतं.

ती कशी आहे, असंही विचारतोस. उंच झाली. माझ्यापेक्षा उंच. गणितात बरी, हस्ताक्षर वाईट, कारण ओळ डावीकडे कुठे सुरू होते ते शोधायला तिला मान वळवावी लागते. शाळेत एकडोळी म्हणायचे. एकदा एका पोराने तिच्या डाव्या बाजूने येऊन कानात भोंगा वाजवला. तिने त्याचं बोट धरलं आणि मोडलं. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. ते माझेच विद्यार्थी. मी म्हटलं, "त्या पोराला विचारा, उजव्या बाजूने का नाही आला." विषय तिथेच संपला.

वॉल्ट्झची तालीम चालू आहे. नाच शिकवणाऱ्याने सोबतीची मुलं दोन्ही बाजूंना उभी केली होती, तर ती म्हणाली, "सगळे उजवीकडे. डावीकडे जो उभा राहील तो माझ्या दृष्टीने मेला." मुलं हसली. तीही हसली. पण मुलं उभी राहिली उजवीकडेच.

आपल्याकडे त्या दिवसापासून कुणाच्याही वाढदिवसाला 'चावा' हा शब्द निघालेला नाही. केक स्वयंपाकघरात कापतात आणि तुकडे ताटल्यांतून बाहेर आणतात, जणू आजारी माणसाचा पथ्याचा भात. गेल्या वर्षी रुफिनोचा धाकटा पाच वर्षांचा झाला. दुसऱ्यांच्या घरी पाहिलेलं त्याला आठवलं असणार. "माझा चावा कुठाय?" म्हणून रडायला लागला. रुफिनोने त्याच्या थोबाडीत दिली. पोराला अजून कळलेलं नाही का ते.

फिदेन्सियोशी रोज वाद होतो.

"म्हणजे मी त्याला 'तुम्ही' म्हणणार?"

"म्हणशील."

"आणि तो माझ्या मुलीच्या पंधराव्याला नवा सूट घालून मिरवणार?"

"सूट नवा असेल असं वाटत नाही. कारखान्यात काम करतो."

तो खोगिराचा पट्टा शिवत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "हेरार्दो काय म्हणतो? बारीक झालाय का तो?"

"तुला काय करायचंय?"

"काही नाही. विचारलं."

हे तुला सांगायचं की नाही असा मी विचार केला. सांगितलं.

ओतिलिया


३ एप्रिल १९९७

एवोदियो,

येतो म्हणून लिहिलंस, ठीक. पुढच्या गोष्टी नीट वाच.

केक साकातेकासमधून आण. आपल्या चोलेबाईंचा घ्यायचा नाही. नवव्याचा केक त्यांनी केला होता आणि त्या स्वतःहून घरी आल्या होत्या, म्हणाल्या, "बाई, पोरीचा केक मी करते, फुकट करते, एका थराचा, सपाट, मोठा, आत काडीसुद्धा नाही." बोलता बोलता रडल्या. यादिराने त्यांना पाणी दिलं, हात धरला आणि सांगितलं, "तीन थरांचा हवाय, चोलेआजी. शहरातून काका आणेल."

"अगं, तीन थर काठ्यांशिवाय उभे राहत नाहीत."

"माहितेय."

तेव्हा तीन थर. पांढरा. गुलाब नकोत. तीन थर कशाला, असं तू हेरार्दोला विचारलंस म्हणे. मुलीला उंच केक हवा आहे. उंच केक फोटोत चांगला दिसतो. एवढं उत्तर पुरे.

समारंभ सव्वीस तारखेला, शनिवारी. सकाळी दुकान उघडताच केक घे. हेरार्दो गाडी आणेल. खोकं मागे ठेवायचं नाही, मांडीवर धरून बसायचं. रस्ता आहे तसाच आहे.

बायकोला आणि बाळाला आणू नको. आधी तू. बाळाचं काय ते समारंभ झाल्यावर ठरेल. ठरवणार यादिरा, मी नाही आणि फिदेन्सियोही नाही. या घरात तुला जागा आहे की नाही हे सांगायचा हक्क तिचा आहे, असं मी सगळ्यांना बजावलं आहे. तू ज्यासाठी येतो आहेस ते मी पुन्हा लिहिते, म्हणजे नंतर गैरसमज नको. केक आणलास, मान पार पाडलास, की ती उत्तर देईल. हो म्हणाली तर मुलगा घेऊन ये. नाही म्हणाली तर पुन्हा पत्र लिहू नको.

तुझी खाट फिदेन्सियोने माळ्यावरून स्वतः उतरवली. नोएमीने विचारलं तर म्हणाला, सोबतीच्या मुलांना कोट ठेवायला हवी. गादी दोन दिवस उन्हात टाकली आहे. कोटांना गादी कशाला लागते हे मी विचारलं नाही. तूही त्याचा अर्थ लावू नको.

ओतिलिया


१८ एप्रिल १९९७

एवोदियो,

थोडक्यात. करडा सूट, पांढरा शर्ट, टाय साधा. पहाटे खिडकीखाली गाणी म्हणायला येऊ नको, तो मान बापाचा. देवळात मिसेच्या प्रार्थनेला दुसऱ्या रांगेत, मानकऱ्यांबरोबर बस. फादर नावं वाचतील, तुझंही वाचतील. लोक मागे वळून बघतील. बघू दे.

रडू नको. रडणारे पुरुष मला फोटोत नकोत.

हेरार्दो सांगत होता की तू अम्पारोला म्हणालास, "मुलीने स्वतः माझं नाव घेतलं, म्हणजे तिच्या मनात काही नाही." तुझं म्हणणं तुझ्याजवळ.

ओतिलिया


२९ एप्रिल १९९७

एवोदियो,

रविवारी पहिल्या बसने तू गेलास. न्याहारीला थांबला नाहीस, कोट खुर्चीवर टाकून गेलास. गावात आता चार तऱ्हेने गोष्ट सांगतात आणि उद्या आठ तऱ्हेने सांगतील. तुला तर काहीच माहीत नाही, कारण ऐन वेळी तू डोळे मिटून घेतलेस. म्हणून जे झालं ते क्रमाने लिहिते.

देवळाच्या दारात फिदेन्सियो उभा होता. मला धास्ती होती. त्याने तुझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "या कोंपाद्रे. प्रवास कसा झाला तुमचा?" तू "बरा झाला, कोंपाद्रे," म्हणालास आणि तो तुझे हात सोडेना. मी दोघांना आत ढकललं.

हॉलमध्ये तू लाल मिरचीतलं मटण दोनदा घेतलंस. रुफिनोशी हसत होतास. बापाने मुलीचे सपाट बूट काढून उंच टाचांचे घातले, मी तिच्या हातात शेवटची बाहुली दिली, तिने ती लहान बहिणीला दिली, वॉल्ट्झ झाला. बापानंतर ती तुझ्याबरोबर नाचली. तू न सांगता तिच्या उजव्या बाजूला राहिलास, ते सगळ्यांनी पाहिलं. नोएमी माझ्या कानाशी म्हणाली, "आई, झालं बाई एकदाचं. सुटलो."

मग केक. सुंदर होता, हे कबूल करायला हवं. तू मेजावर ठेवलास, फोटो निघाले, टाळ्या झाल्या. आणि मग जिथे लोक ओरडतात तिथे कुणी ओरडलं नाही. इतकी माणसं, पण हॉलमागच्या नळाची धार ऐकू येत होती. नोएमीने घाईने सुरी उचलली.

यादिराने बँडवाल्याच्या हातातून माइक घेतला. "थांब आई. चावा राहिला."

ती हातमोजे काढत होती. सावकाश, एकेक बोट. मग तुला म्हणाली, "काका, त्या बाजूने धर." तुम्ही दोघांनी वरचा थर उचलून बाजूला ठेवला. मग मधला. तेव्हा तुझ्या लक्षात यायला लागलं होतं, मला दिसलं. खालच्या थरातून तिने काठ्या उपसल्या, एकेक रुमालाने पुसली आणि तुझ्या पुढ्यात मेजावर ओळीने मांडली.

"आता ओरडा," ती माइकवर म्हणाली.

कुणी हललं नाही.

"त्या दिवशी तर काय ओरडत होतात! रुफिनोकाका, तुमचा आवाज पार कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत गेला होता."

"पोरी, सोड ना आता. चांगला दिवस आहे," रुफिनो म्हणाला.

"चांगला आहे म्हणूनच. ओरडा."

रुफिनोने सुरुवात केली. मयताच्या घरी जपमाळ म्हणतात तशी. चावा. चावा. मग त्याची बायको. मग तुझी मामी, पाय घसरला म्हणून सांगणारी. मी ओरडले. सगळे ओरडायला लागल्यावर यादिराने माइक ठेवला, मेजावर हात टेकले आणि वाकली.

"काका, हात ठेव. मानेवर. होता तिथेच."

"यादिरा, नको गं."

"मान घेतलायस ना? मग मानकऱ्याचं काम कोण करणार, बँडवाला?"

तू हात ठेवलास. आणि मग तू जे विचारलंस ते पुढे बसलेल्या आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "सगळ्या काठ्या काढल्यास ना?"

"त्या दिवशी तू मोजल्या होत्यास?"

फिदेन्सियो खुर्ची पाडून उठला. "बास! बास झालं हे!" मी त्याला खाली बस म्हटलं. तो बसला. चाळीशीचा बाप्या आहे, पण मी सांगितलं की बसतो. तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुला काय सांगायला हवं होतं? सोड म्हणायला तो हात माझा नव्हता आणि डोळाही माझा नव्हता. मी तुझ्याकडे बघत राहिले.

"जोरात," ती म्हणाली. "तेवढ्याच जोरात."

तू डोळे मिटलेस आणि दाबलंस.

इथून पुढचं तुला माहीत नाही. तिने डोळा मिटला नव्हता. मी बाजूला होते, केकमध्ये जाईपर्यंत तो उघडा होता. आत गेली, आणि आम्ही ओरडायचे थांबलो. नोएमीने आपलं तोंड आपल्याच हाताने दाबून धरलं. ती वर आली तेव्हा कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढरी होती. लागलं काही नव्हतं. काठी एकही राहिली नव्हती. तिने लगेच पुसलं नाही. आधी सगळ्यांकडे पाहिलं. तिला डावीकडचं दिसत नाही, म्हणून सगळ्यांना बघायला पार वळावं लागतं. ती वळली, टेबलामागून टेबल, कुणालाही न वगळता. रुफिनोच्या धाकट्याने टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. आपल्याला आता चावा मिळणार असं त्याला वाटलं असावं.

मग ती तुला म्हणाली, "बघ." तू डोळे उघडलेस. "पूस."

तू कोटाच्या बाहीने पुसायला लागलास. कपाळ पुसलंस, नाक, उजवी बाजू. डाव्या डोळ्यापाशी तुझा हात थांबला.

"तो पण. तो दुखत नाही."

तू तो पुसलास. त्यानंतर तू मेजाला धरून खाली बसलास. ती तुझ्या अंगावरून पलीकडे गेली, बँडला म्हणाली, "वाजवा," आणि स्वतः केक कापायला घेतला. ताटली प्रत्येकापुढे ठेवली आणि तुकडा तोंडात जाईपर्यंत समोर उभी राहिली. मधुमेहवाल्यांनीही खाल्ला. मी खाल्ला. क्रीम जरा जास्त गोड होतं.

तू मागच्या नळावर हात धूत होतास तेव्हा फिदेन्सियो तुझ्यामागे आला होता. तुम्ही काय बोललात ते त्याने मला सांगितलं नाही. घरी आल्यावर मात्र माझ्यासमोर उभा राहिला.

"आई, तुला माहीत होतं."

"होतं."

"आणि तरी तू त्याला बोलावलंस. तो गादी बघून रडला आज दुपारी. तुला दिसलं नाही ते."

"बोलावलं तिने. मी पत्र लिहिलं."

"तो तुझा मुलगा आहे!"

"ती तुझी मुलगी आहे."

त्याने टोपी उचलली आणि दुकानात जाऊन बसला. शनिवारपासून माझ्याशी बोलत नाही. बोलेल.

तूही हेच विचारशील, म्हणून लिहिते. फेब्रुवारीत तिने तुझं नाव घेतलं त्याच दिवशी, मागे भांडी धुताना, तिने मला सांगितलं होतं. "आजी, सहा वर्षं हे लोक माझ्यासमोर केक लपवून कापतायत. जणू मीच काही केलंय. मी त्यांना ओरडायला लावणार. आणि त्यालाच दाबायला लावणार." मी एकच विचारलं, काठ्या आधी काढशील का? म्हणाली, काढीन. मग मी कागद घेतला. तुला खोटं एकही अक्षर लिहिलेलं नाही. पत्रं जपून ठेवली असशील तर पुन्हा बघ.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ती देईल असा मी शब्द दिला होता. सोमवारी सकाळी विचारलं. ती उरलेलं मटण टॉर्टियात गुंडाळून उभ्या उभ्या खात होती.

"काका आला तर चालेल का?"

"चालेल की."

"बाळाला घेऊन?"

"घेऊन येऊ दे. बाप्तिस्मा इथेच करा, मी धरते त्याला. पण यायचं माझ्या वाढदिवसाला. केक घेऊन. तीन थरांचा."

"यंदा झालं ना ते."

"दर वर्षी."

"किती वर्षं, यादिरा?"

तिने बोट चाटलं. "मला नवा डोळा उगवेपर्यंत."

नोएमी म्हणाली, मुलगी चिडली आहे, लहान आहे, विसरेल. मी तिला ओळखते, मी तिला शिकवलं आहे. ती चिडलेली नव्हती. आणि लहान तर ती परवाच राहिली नाही, त्यासाठीच तर एवढा समारंभ केला.

तेव्हा उत्तर हो असं आहे. तुला घर मिळालं, मुलाला बाप्तिस्मा मिळाला. दिवस ठरलेला आहे. पुढच्या वर्षी सव्वीस एप्रिल रविवारी येतो, केक आदल्या दिवशी घ्यावा लागेल. येणार नसशील तर ते तिला लिही, मला नाही. माझं काम संपलं.

सगळ्या मानकऱ्यांना समारंभाची आठवणभेट दिली, चिनी मातीचा हंस. तू थांबला नाहीस म्हणून तुझी राहिली. तुझी तिने वेगळी काढली होती, स्वतः बांधली.

आज हेरार्दोच्या हाती दिलं ते असं:

करडा कोट एक. दोनदा धुतला, उजव्या बाहीवरचा तुपकट डाग गेला नाही.

लाल मिरचीतल्या मटणाची बरणी एक, फिदेन्सियोकडून, कोंपाद्रेंच्या पत्नीसाठी.

बाळासाठी काही नाही.

केकच्या मानकऱ्यासाठी साटिनच्या फितीने बांधलेली डबी एक. आत कापसात यादिराचा पहिला काचेचा डोळा, नऊ वर्षांच्या मुलीच्या मापाचा. चेहरा वाढला तसा तो तिला लहान पडला.

देणारी, यादिरा. नेणारा, हेरार्दो, त्याची सही खाली घेतली आहे. घेणाऱ्याची सही यायची आहे.